ताडकळसच्या वळणावर

माझ्या नवऱ्याने आयुष्यभर बैल हाकले, आणि पुढे बाजारच्या सवाऱ्या न्यायला जीप घेतली तर तीही बैलासारखीच हाकली. उजवीकडे वळायचं म्हणजे उजवा कासरा ओढायचा, एवढंच त्यांना ठाऊक. ताडकळसच्या अलीकडे एक उजवं वळण आहे. उसाच्या गाड्या शेतातला काळा चिखल तिथे डांबरावर आणून टाकतात. जीपचं मागचं अंग घसरलं की हे घाबरून स्टेअरिंग आणखी उजवीकडे ओढत, आणि जीप गर्रकन फिरून रानात जाई. असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी यांचं मनगट मुरगळलं, आणि बाजारच्या बायांनी आमच्या जीपकडे पाठच फिरवली.

मला जीप येत होती. माझे वडील किशनराव चुडाव्याचे, सरकारी जीपवर ड्रायव्हर. लग्नाआधी त्यांनी मला पाणी दिलेल्या रानात शिकवलं होतं. मागचं अंग ज्या बाजूला पळतं त्याच बाजूला स्टेअरिंग फिरवायचं, म्हणजे गाडी खरोखर जिकडे निघालीय तिकडे पुढची चाकं तोंड करतात आणि मागचं अंग आपोआप मागे येतं. सरळ झाली की स्टेअरिंगही लगेच सरळ, नाहीतर ती दुसरीकडे झोका खाते. पण बाईने लोकांदेखत गाडी चालवली तर यांची इज्जत जाणार होती. दोनदा जीप रानात लोळली, ते मात्र इज्जतीला चाललं.

एकोणनव्वद साली एका बाजारच्या दिवशी एसटी आलीच नाही. नाइलाजाने चांगुणामावशी आणि चार बाया आमच्याकडे आल्या. यांचं मनगट बांधलेलं. म्हणाले, "आज तू चालव. पन गाडी रानात गेली तर पुन्ना हात लावायचा न्हाई."

वळणावर चिखल ओलाच होता. जीप वळली आणि मागचं अंग डावीकडे सटकलं. मी स्टेअरिंग डावीकडे फिरवलं, थेट नालीच्या दिशेने.

"अगं, नालीत घालायलीस काय? उजवीकडं वढ," म्हणत यांनी चांगला हात स्टेअरिंगला घातला. मी तो फटकन झटकला. ब्रेकला पाय लावला नाही. जीप क्षणभर तिरकी चालली, मग मागचं अंग गपगुमान मागे आलं. मी स्टेअरिंग सरळ केलं. आम्ही रस्त्यावर होतो. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले.

दिवस कलताना यांनी मनगटाची पट्टी सोडली आणि ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसले. चांगुणामावशी टोपली घेऊन खालीच उभी राहिली.

"सूर्यभान, मागं ये बाबा. आमाला घरी जायचंय, रानात न्हाई."

एकही बाई चढेना. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम गप्प राहिले, आणि गप्प बसणं मला कधी जमत नाही. शेवटी हे खाली उतरले, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि मागे टोपल्यांमध्ये जाऊन बसले.

निघताना मागे चढणाऱ्या एका अनोळखी माणसाने यांना विचारलं, "गाडी कोन चालवायलंय?"

हे म्हणाले, "माझी बायको हाय. बसा बिनघोर."