सहावं पातं

चंपतरावांनी बोटीच्या पंपातल्या जुन्या पंख्याची रबरी पाती फडक्यावर मांडून तिसऱ्यांदा मोजली. पंखा सहा पात्यांचा, आणि पाती पाचच.

“बसवा ना गा आता नवा पंखा,” ओव्हरसियर मनोहरराव घड्याळाकडे बघत म्हणाले. “दुपारी गणपती येऊन राहिले. काय शोधून राहिले तुम्ही?”

“एक पातं कमी हाये, साहेब. नळीत अडकलं असन तं नवा पंखाही पाणी ओढणार नाही.”

नागपुरातल्या त्या तलावावर विसर्जनाच्या राखणीला खात्याची ही एकच मोटारबोट. तिच्या मागे पाण्यात बुडणाऱ्या दांड्यातला पंप तलावाचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवायचा. पंप गेला की इंजिन तापून बंद. हे चंपतरावांना कोणी शिकवायला नको होतं. तरी गेल्या वर्षी, सत्त्याहत्तरच्या अनंत चतुर्दशीला, धांदलीत बोट सुरू करून न बघताच त्यांनी रजिस्टरात ‘बोट ठीक’ लिहून सही ठोकली होती. ती भर पाण्यात बंद पडली आणि प्रयागबाईंचा मुलगा मुकुंद बोटीपासून वीस हातांवर बुडाला. चौकशीत सगळा दोष यंत्रावर गेला. चंपतराव सुटले, पण मनातून काही सुटले नाहीत.

नवा पंखा यायला वर्ष लागलं. काल पार्सल आलं, त्यात पंपाच्या सांध्यात बसवायचं गॅस्केट नव्हतंच.

सायकलच्या स्पोकचा आकडा करून त्यांनी नळीत घातला. बराच वेळ खरवडल्यावर नखाएवढं काळं रबर बाहेर आलं. मनोहररावांनीही मग घड्याळ बघणं सोडलं.

गॅस्केटसाठी चंपतरावांनी फळीवरचं गेल्या वर्षीचं रजिस्टर काढलं आणि त्याचा पुठ्ठा फाडला. पुठ्ठा पंपाच्या तोंडावर धरून त्यांनी कडेकडेने हातोडी हलकेच ठोकली. छाप उमटली तसा पुठ्ठा कापला, तेलात भिजवला आणि बसवला.

बोट पाण्यात ढकलून इंजिन सुरू केलं. जीव मुठीत धरून ते मागे वाकले. आधी नुसता धूर, मग इंजिन थंड करून परतणाऱ्या पाण्याची धार. धारेखाली हात धरला तर पाणी कोमट होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली, धार तुटली नाही. तेव्हा कुठे त्यांनी नव्या रजिस्टरात सही केली.

प्रयागबाई सकाळपासून तलावाच्या पायरीवर बसून होत्या. त्यांना उठा म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

दुपारपासून गणपती येत राहिले. खोल पाण्याकडे निघालेल्या पोरांना चंपतरावांनी दोनदा दटावून मागे आणलं, एवढंच काम बोटीला पडलं. दिवे लागायच्या सुमाराला शेवटची मूर्ती गेली. ते काठावर आले तेव्हा त्यांना कधी नव्हे इतकं हलकं वाटत होतं.

“सगळे निघाले ना गा पाण्यातून?” प्रयागबाईंनी विचारलं.

“निघाले, माय. सगळे.”

पायरीवरच बसून त्यांनी रजिस्टर उघडलं आणि सावकाश एक ओळ लिहिली.

“काय लिवलं?”

“काही झालं नाही, असं लिवलं.”

प्रयागबाईंनी त्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं. मग पदर सावरून उठल्या आणि घराकडे चालू लागल्या.