मऊ बाजू आत

भिंगरीच्या आजोबांना सगळी गल्ली मास्तर म्हणायची. तळमजल्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान, आणि वरच्या दोन खोल्यांत ते, त्यांची लेक, जावई आणि चार वर्षांची नात. चाळीस वर्षांत मास्तरांच्या शिलाईवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. कोट उलटा करून बघितला तरी आत एक दोरा लोंबताना दिसायचा नाही, आणि हे गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं नाही तर मास्तर स्वतःच तो उलटा करून दाखवत.

नातीचं खरं नाव बालवाडीच्या पटापुरतंच होतं. ती दोन मिनिटं एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी. त्या हिवाळ्यात मात्र भिंगरी चक्क बसून राहायला लागली, आणि बसल्या बसल्या खाजवायला लागली. कोपरांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या मागे, मानेवर, काखेपाशी. कातडी कोरडी पडून पांढुरकी झालेली, हात फिरवला तर खरखर लागायची, आणि नखं लागून लागून जागोजागी लाल.

लेक छापखान्यात मुद्रितं तपासायची. चूक कुठे आहे हे सापडेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे. ती भिंगरीला घेऊन त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि सूचनांचा कागद घेऊन आली. आंघोळ कोमट पाण्याची आणि झटपट. वासाचा साबण बंद. अंग खसाखसा पुसायचं नाही, पंचाने नुसतं टिपायचं, आणि अंगात ओल आहे तोवरच मलम लावायचं. नखं कापलेली हवीत. कपडे मऊ, सुती. कागद न्हाणीघराच्या दारावर चिकटवला गेला. पहाटे बस घेऊन जाणाऱ्या जावयाने संध्याकाळच्या मलमाची जबाबदारी उचलली, आणि रोज पाच मिनिटं भिंगरीच्या मागे घरभर धावून तो बस चालवून दमत नसे इतका दमायला लागला.

दहा दिवसांत कोपर आणि गुडघे निवळले. पण मान आणि काखा काही ऐकेनात.

मग मास्तरांनी तपासाची सूत्रं हाती घेतली. आधी संशय जावयाच्या दाढीवर गेला, कारण घरी आला की तो पोरीच्या मानेत तोंड खुपसायचा. बिचाऱ्याने दाढी काढली. त्यानंतर धुण्याच्या पावडरीची पाळी आली, मग बालवाडीतल्या सतरंजीची. सतरंजीबद्दल मास्तर बालवाडीच्या बाईंना चार शब्द सुनावूनही आले. बाईंनी शांतपणे सतरंजी दाखवली. ती मास्तरांच्या उशीपेक्षा मऊ होती.

या सगळ्या काळात भिंगरीच्या अंगात एकच फ्रॉक असायचा. वाढदिवसाला मास्तरांनी तो तीन दुपारी खपून शिवला होता. निळं कापड, बाह्यांना फुगवटा यावा म्हणून आत कडक जाळीचं अस्तर, गळ्याला लेस, आणि मागे मानेशी दुकानाचं नाव विणलेली छोटीशी पट्टी. भिंगरीने तो असा काही उचलून धरला की धुवायला घेतला तरी ती दोरीखाली उभी राहून वाळायची वाट बघायची. लेकीने एकदोनदा म्हटलंही होतं की कागदावर मऊ कपडे लिहिलंय. त्यावर मास्तरांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की तिने विषय सोडून दिला. वरचं कापड सुतीच आहे, असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

एका रविवारी सकाळी लेक बाजारात गेली होती आणि आंघोळीनंतरचं मलम मास्तरांवर आलं. भिंगरी पंचात गुंडाळून दुकानातल्या कापायच्या टेबलावर बसली. मास्तरांनी चष्मा चढवला आणि तिची मान पुढे वाकवली.

मानेवर एक लाल चौकोन होता. दोन बोटं रुंद, एक बोट उंच, कडा सरळ. त्यांनी हात वर करायला सांगितला. काखेखालून एक लाल रेघ बाहीच्या गोलाईने गेली होती, आणि त्या रेघेवर सारख्या अंतराने बारीक ठिपके होते. मास्तरांना टेप लावायची गरजच पडली नाही. स्वतःचा टाका माणूस ओळखणार नाही तर कोण ओळखणार? तरीही त्यांनी दोरीवरचा फ्रॉक आणला, उलटा केला आणि जाळीची कड आपल्याच गालावर घासून पाहिली. मग ती पट्टी स्वतःच्या मानेवर घासली.

"आजोबा, लाव ना," भिंगरी म्हणाली. "मला थंडी वाजतेय."

लेक परतली तेव्हा मास्तर दारातच उभे होते. तिच्या हातातली पिशवी घेत ते म्हणाले, "चूक सापडली. माझ्या दुकानात होती."

लेकीने फक्त त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जावयाने आता दाढी वाढवली तरी चालेल का, एवढंच विचारलं.

त्याच दुपारी मास्तरांनी दुकानाची कडी लावली. धुऊन धुऊन सायीसारखी झालेली एक जुनी चादर कपाटातून काढली आणि कापायला घेतली. पण शिवण आत ठेवली तर तीच घासणार. मास्तरांनी मशीन थांबवलं. चाळीस वर्षं जे लपवण्यात हयात गेली, ते सगळं आता बाहेर काढायचं होतं. शेवटी मनाचा हिय्या करून त्यांनी झगा शिवला तो शिवणी बाहेर ठेवून. दुमड, टीप, सगळं जगाला दिसेल असं. आत मात्र कुठे गाठ नाही, कड नाही, पट्टी तर नाहीच. हात घालून पाहिला तर पाण्यात घातल्यासारखा.

भिंगरीने झग्याकडे एक नजर टाकली आणि तोंड फिरवलं.

"उलटाय," ती म्हणाली.

मास्तरांनी समजावलं, लेकीने समजावलं, जावयाने झगा स्वतःच्या डोक्यात अडकवून नाच केला. भिंगरीने निळ्या फ्रॉकसाठी घर डोक्यावर घेतलं. तेव्हा मास्तर उठले, आतल्या खोलीत गेले आणि आपला पांढरा शर्ट उलटा घालून बाहेर आले. शिवणी बाहेर, खिशाची मागची बाजू बाहेर, बटणं कशीबशी आतून लावलेली. तसेच ते खाली जाऊन दुकान उघडून बसले. भिंगरी बघायला मागोमाग आली.

पहिले आले ते एक निवृत्त मुख्याध्यापक. कोटाची बाही अर्ध्या बोटाने लांब आहे हे सांगायला ते तिसऱ्यांदा आले होते. त्यांनी मास्तरांना वरून खाली न्याहाळलं आणि आवाज उतरवून सांगितलं की शर्ट उलटा घातला गेलाय.

"घातला गेला नाही, घातलाय," मास्तर म्हणाले. "मऊ बाजू आत ठेवलीये. बसा."

मुख्याध्यापक बसले, आणि बाहीचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. टेबलाखालून भिंगरीचं खुदखुदणं ऐकू येत होतं. तिसरं गिऱ्हाईक येईपर्यंत ती झगा घालून आजोबांशेजारी उभी होती, आणि येईल त्याला आपली शिवण मोजायला लावत होती.

मलमाची कामगिरी मग मास्तरांकडेच आली. पहिल्याच दिवशी भिंगरीने तक्रार केली की आजोबांची बोटं टोचतात. सुयांनी आणि कात्रीने चिरलेली ती बोटं सँडपेपरसारखीच होती. तेव्हा असं ठरलं की आधी मलम मास्तरांच्या हातांना लागणार, तेही भिंगरीच लावणार, आणि मगच तिची पाळी. डबी दुप्पट वेगाने संपायला लागली. सकाळी मास्तरांच्या हातून दोरा सुळकन निसटायचा, सुईत ओवायला त्यांना लेकीला हाक मारावी लागायची, पण त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही.

तीन आठवड्यांनी मानेवरचा चौकोन पुसट होऊन दिसेनासा झाला. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की कातडी नाजूकच आहे, थंडीत पुन्हा कोरडी पडू शकेल, तेव्हा मलम सोडू नका. मग त्यांनी झग्याची कड बोटांत धरली आणि तो कुठे मिळाला असं विचारलं. लेकीने सांगायला तोंड उघडलं, तर भिंगरी खुर्चीवरून केव्हाच उतरलेली. वजनाच्या काट्यावर चढून ती गोल गोल फिरत होती, आणि काट्याला तिचं वजन काही केल्या ठरवता येत नव्हतं.