खेळाडूसाठी राखीव

कोथरूडजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चैतालीला कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला तो खो-खोमुळे. ती राज्याच्या संघातून खेळली होती आणि कॉलेजात खेळाडूंसाठी एक जागा राखीव असायची. हिंजवडीत तेव्हा कंपन्या उभ्या राहत होत्या. ज्याला त्याला कॉम्प्युटरच हवा होता. धायरीतली तिची शेजारीण भाग्यश्री, शाळेपासून एका बाकावरची, गुणांत तिच्या कितीतरी पुढे होती. तिचा प्रवेश मात्र थोडक्यात हुकला.

चैताली पेढे घेऊन गेली, तेव्हा भाग्यश्रीची आई दारातच म्हणाली, "झोपलीय गं ती." आत भाग्यश्रीचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

कॉलेजात प्रॅक्टिकलला जोड्या लागल्या की चैताली उरायची. वर्गातला राकेश एकदा म्हणाला, "आम्ही अभ्यास करून आलो, तू पळत आलीस." सगळे हसले. तीही हसली.

मग तिनं मैदानावर जाणंच सोडलं. डबासुद्धा लायब्ररीच्या पायरीवर एकटीच खायची. शेवटी खेळाचे संपत सर तिला शोधत आले.

"जागा कशासाठी दिलीय तुला?"

"नापास झाले तर लोक म्हणतील, जागा वाया घालवली."

"आणि खेळली नाहीस तर काय म्हणतील?"

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर गेली. ती पुन्हा सरावाला लागली. त्या वर्षी कॉलेजनं विद्यापीठाची स्पर्धा जिंकली, चैताली बेताच्या गुणांनी का होईना, सगळ्या विषयांत सुटली. घरी आल्यावर हे सांगायला तिला पहिली आठवली ती भाग्यश्रीच.

दिवाळीत भाग्यश्री बसस्टॉपवर भेटली. बीएस्सीला होती.

"मी जागा सोडायला हवी होती का गं?" चैतालीनं विचारून टाकलं.

"सोडून मला थोडीच मिळाली असती? दुसऱ्या खेळाडूला गेली असती. एवढं कळतं मला."

"मग बोलत का नाहीस?"

भाग्यश्री बस येते त्या दिशेला बघत राहिली. "राग नाहीये तुझ्यावर. पण तू दिसलीस की ते सगळं पुन्हा आठवतं. मी काय करू?"

बस आली. भाग्यश्री चढली, खिडकीतून तिनं हात केला. चैतालीनंही केला.

त्यानंतर दोघी रस्त्यात भेटल्या की बोलत, परीक्षेचं विचारत. एकमेकींच्या घरी जाणं मात्र बंद झालं ते झालंच.