बावीस इंची हौस

बर्फात गाडी घसरू नये म्हणून चाकाभोवती बांधायच्या साखळीची दोन टोकं काही केल्या भेटेनात. शेडमधल्या गारठलेल्या फरशीवर आडवी पडून नेल्डाने पुन्हा ओढून बघितलं, दात-ओठ खाल्ले, तरी वीतभर अंतर राहिलंच.

आज गुरुवार. शनिवारी दोन वाजता तिला डॉनर घाटापलीकडे रीनोच्या रुग्णालयात पोचायचं होतं. तिचा नवरा हार्लन अर्धांगवायूनंतर चार महिने तिथे पडून होता. त्याला घरी सोडायचं की मुलीच्या गावातल्या शुश्रूषागृहात कायमचं ठेवायचं, ते त्या बैठकीत ठरणार होतं. मुलगी कोरिन फोनवर स्पष्टच बोलली होती.

"आई, हिवाळाभर आठवड्यातून दोनदा बाबांना घाटापलीकडे उपचाराला न्यावं लागेल. साखळ्या कोण चढवणार? आजवर बाबा चढवायचे तेव्हा तू गाडीतून उतरली तरी होतीस का? शनिवारी बर्फ सांगितलंय. एकटी येऊन दाखव, नाहीतर मी शुश्रूषागृहाच्या कागदावर सही करते."

"येते," म्हणून नेल्डाने फोन ठेवला होता. घरची आशा सुटली तर शुश्रूषागृहाच्या चार भिंतींत हार्लन महिनाभरही तग धरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने साखळ्या गाडीत टाकल्या आणि त्या जिथून घेतल्या होत्या ते प्रूएटचं दुकान तडक गाठलं. म्हातारा बाहेर आला, टायरवरचा आकडा वाचला आणि कपाळावर हात मारला.

"अगं नेल्डा, तू मला गाडीचं नाव सांगितलंस, चाकाचा आकडा नाही! जन्म डोंगरात गेला ना तुझा? या गाडीला कंपनीची चाकं अठरा इंची. ही तर बावीसची आहेत. कुणाचे हे थेर?"

"कुणाचे म्हणजे? तुझ्या मित्राचे. साठी ओलांडल्यावर मिरवायची हौस आली होती."

प्रूएटने चाकाच्या आतल्या बाजूला बोट घालून बघितलं. बोटही धड जाईना. "इथे जाड साखळी घातलीस तर ब्रेकची नळी कापून ठेवेल. बारीक तारेची लागेल. मागवतो, मंगळवारी येईल."

"मंगळवारी आल्यावर मी काय तिची पूजा करू?"

"मग कोरिनला सांग, पुढच्या आठवड्यात येते म्हणून."

नेल्डाने गाडी वळवली. असा राग आला होता तिला त्या चकचकीत चाकांचा! घाट ओलांडायला निघताना हार्लन त्यांच्यासाठी वेगळ्या बारीक साखळ्या न्यायचा, आणि एकदा परतीच्या वाटेवर त्या तुटल्यावर त्याने भंगारात दिल्या होत्या. भंगारात? तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हार्लनने आयुष्यात टाकलेली ती एकच वस्तू असावी. मग कंपनीची जुनी अठरा इंची चाकं तो कशाला टाकेल?

शेडच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, चारही जुनी चाकं टायरसकट उभी होती.

गाडी जॅकवर चढली. नट इतके घट्ट होते की नेल्डाला पान्यावर दोन्ही पायांनी उभं राहावं लागलं. त्रेसष्टाव्या वर्षी एकेक चाक ढकलत नेताना तिने नवऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि मध्येच तिला रडूही आलं. चौथं चाक बसलं तेव्हा पाठ मोडून आली होती. पण साखळीची टोकं अशी भेटली की जणू कधी भांडलीच नव्हती. शुक्रवारी दिवसभर तिने त्या काढल्या आणि चढवल्या, काढल्या आणि चढवल्या. अकरा वेळा.

शनिवारी घाटाच्या पायथ्याशी गाड्या थांबवल्या होत्या; साखळ्या चढवल्याशिवाय कुणाला पुढे सोडत नव्हते. पैसे घेऊन साखळ्या चढवून देणारा, पिवळं जाकीट घातलेला एक साखळीवाला धावत आला. "आणा इकडे, मावशी. पाच मिनिटांत चढवतो."

"आज नको, बाळा. आज मलाच चढवायच्यात."

बर्फ आडवं मारत होतं. हातमोजे घालून साखळीचा हूक अडकेना, म्हणून तिने मोजे काढून टाकले. डाव्या चाकावर हुकाचं तोंड टायरकडे आलं. टायर घासून फाटलं असतं. शेडमध्ये ही चूक चारदा झाली होती, म्हणून लगेच कळली. तिने सगळं सोडून पुन्हा बांधलं, थोडी गाडी पुढे घेतली, उतरून परत ताण दिला.

तपासणीवाल्याने वाकून साखळी हलवली. "कुणी चढवल्या?"

"इथे दुसरं कोण दिसतंय तुम्हाला?"

"झकास बसल्यात. ताशी तीस मैलांच्या वर पळवू नका, जा."

दोनला दहा कमी असताना ती रुग्णालयात शिरली. हार्लन चाकाच्या खुर्चीत खिडकीपाशी होता. त्याने तिला गाडी लावताना पाहिलं होतं. झटक्यापासून तो एकेक शब्द उचलून बोलायचा.

"माझी... चाकं?"

"शेडमध्ये आहेत, ताडपत्रीखाली. घरी येऊन बघ."

तो पुन्हा खाली डोकावला. "ही... कुरूप."

"असू देत. घाट चढतात."

कोरिन आईच्या हातांकडे बघत होती. नखं काळी, बोटांची सालं निघालेली. तिने टेबलावरचा कागद सही न करताच घडी करून पर्समध्ये टाकला आणि कपाटातून बाबांचा जाड कोट काढला.