कानबाईच्या माळेतला लाल मणी

मी एक जुना लाल मणी आहे. काचेचा, बोराएवढा आणि, मित्रांनो, आधीच कबूल करतो, गुन्हेगार. मण्यानं असा काय गुन्हा केला म्हणाल, तर ऐका.

अमळनेरच्या जत्रेत धुरपदाबाईंनी मला घेतलं, तेव्हा त्या नव्या सूनबाई होत्या. कानबाईच्या माळेत त्यांनी मला मधोमध ओवलं. दर श्रावणात घरात कानबाई बसली, की देवीच्या गळ्यात मी! पुढे हे कुटुंब खानदेशातून सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला आलं, तिथल्याच कोसाड भागात राहू लागलं, तरी माझा मान तोच. "काय झगमगतो हो मणी!" असं बायका म्हणायच्या आणि मी फुगून जायचो. खोटं कशाला बोलू?

यंदा देवीला निरोप दिला आणि दुसऱ्याच दिवशी माळ तुटली. "देवीना मनी शेतस, कचरामा कसा टाकू?" धुरपदाबाई पुटपुटल्या. देवीची वस्तू पाण्यात सोडायची, ही त्यांची रीत. पण पुन्हा तापीपर्यंत जायला गुडघे तयार नव्हते. घरात होती नातीची काचेची टाकी. तिच्यात गुलाब्या राहायचा.

गुलाब्या म्हणजे ॲक्सोलॉटल. पाण्यातच राहणारा, चार पायांचा, गळ्याशी पिसांसारखे गुलाबी कल्ले आणि तोंड कायम हसरं. नववीतली हर्षदा त्याला हातानं गांडुळं भरवायची. टाकीचा तळ तिनं मुद्दाम रिकामा ठेवला होता. का, ते आजीनं कधी विचारलं नव्हतं. ती शाळेत असताना बाईंनी हात जोडले आणि आम्हा तेवीस मण्यांना टाकीत सोडलं.

संध्याकाळच्या अंधुक उजेडात तळाशी पडलेले आम्ही हर्षदाला दिसलो नाही. एक गांडूळ तिच्या बोटांतून निसटलं आणि नेमकं माझ्याशेजारी पडलं. गुलाब्यानं झडप घातली, गांडुळासोबत मलाही ओढलं. मी त्याच्या जबड्यात घट्ट अडकलो. त्याचं तोंड मिटेना, कल्ले थरथरायला लागले. मला वाटत होतं, आत्ता निसटावं. पण मला ना हात ना पाय. मेलं ते माझं झगमगणं!

हर्षदाचे वडील योगराज भुवया कोरायचा चिमटा घेऊन धावले.

"पप्पा, ओढू नका! जबडा फाटेल त्याचा," हर्षदा किंचाळली. तिनं प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. मग टाकीतल्याच पाण्यासकट गुलाब्याला मोठ्या डब्यात घेतलं आणि पाणी गार राहावं म्हणून डब्याला बाहेरून बर्फाची बाटली टेकवली. रिक्षात ती सारखी विचारत होती, "पण मणी आला कुठून?" शेजारी धुरपदाबाईंनी तोंडाला पदर लावला होता.

डॉक्टरांनी त्याला गुंगीच्या औषधाच्या पाण्यात ठेवलं आणि बारीक चिमट्यानं मला हळूहळू फिरवत बाहेर काढलं.

"जगेल," ते म्हणाले, "पण तोंडाचा कोपरा फाटलाय. टाकीत आणखी मणी आहेत का?"

"बावीस," धुरपदाबाई एकदम बोलल्या. "मन्हाच हाते व्हयनं हाई, बेटा." आपल्याच हातून हे झालं म्हणत त्या रडायला लागल्या. हर्षदा आजीकडे पाठ फिरवून गुलाब्याजवळ जाऊन उभी राहिली. तेच त्यांना जास्त लागलं.

गुलाब्या जगला. पण पूर्वी हातातून खाणारा तो, आता हर्षदाचा हात पाण्यात आला की मागे सरतो. मला फार वाईट वाटतं हो. मित्रांनो, मुक्या जिवाच्या घरात काही ठेवायचं असेल, तर त्याला सांभाळणाऱ्याला आधी विचारा. भक्तीनं ठेवणार असाल, तरी विचारा.

परवा टाकीतून काढलेल्या आम्हा मण्यांना सोडायला योगराज बाईंना तापीवर घेऊन गेले. हर्षदाही आली होती, पण आजीशी अजून अबोलाच. बाईंनी आधी मला मुठीत घेऊन पाण्यावर धरलं. आता सुटलो, असं मला वाटलं. पण मूठ उघडेना.

"आठे बी कोनी तोंड उघाडीसन बठेल व्हई," त्या म्हणाल्या. इथंही कुणीतरी तोंड उघडून बसलं असेल! त्यांनी मला इतर मण्यांसोबत पदराच्या गाठीत बांधलं.

हर्षदा पुढे आली आणि घाटाच्या पायऱ्या चढताना तिनं आजीचा हात धरला.