उंबराच्या पाण्याला ऐंशी वॉट

केझियाच्या लग्नात मी ड्रायव्हर होते. फुलं धरायला, फोटोत हसायला तिच्या चुलत-मामे बहिणींची फौज होती. मोटरसायकल चालवायची नोकरी मात्र मी भांडून मिळवली, आणि ती जवळजवळ घालवलीही.

केझिया आणि मी, म्हणजे सुरुची, एकाच ऑफिसात शेजारीशेजारी बसतो. ती गिरगावातल्या वाडीतली ईस्ट इंडियन, म्हणजे इथलीच मूळची ख्रिस्ती, मी प्रभादेवीची पाठारे प्रभू. दोघींचीही घराणी मुंबईतच जन्मली आणि मुंबईतच म्हातारी झाली, त्यामुळे सुट्टीत जायला आम्हाला स्वतःचं गाव नाही. मग तिची साडेतीनशे सीसीची गाडी काढून आम्ही दुसऱ्यांच्या गावी जातो. गाडी तिची, पण ती चालवते माझ्यापेक्षा वाईट. हे मी तिच्या तोंडावर सांगते.

डिसेंबरात एका दुपारी डबा उघडता उघडता ती म्हणाली की पप्पा पाण्याला येणार नाहीयेत, आणि डबा तसाच बंद केला.

पाणी म्हणजे काय ते मला एव्हाना माहीत होतं. यांच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नटूनथटून, बँड लावून विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीसाठी पाणी घेऊन येतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. केझियाच्या घराण्यात पहिली बादली नवरीचा बाप ओढतो. तिच्या आत्यांच्या वेळी आजोबांनी ओढली होती, आणि केझिया सहा वर्षांची असल्यापासून तिचे पप्पा तिला सांगत आले होते की तुझी मी ओढणार.

तिचे पप्पा म्हणजे ॲलॉयशियस अंकल. बस डेपोत छत्तीस वर्षं इलेक्ट्रिशियन. रिटायर झाले आणि रातांधळेपणा सुरू झाला. दिवसा हा माणूस एकटा बाजारात जाऊन पापलेटावरून हुज्जत घालून येतो, पण दिवेलागण झाली की त्याला समोरची पायरी दिसत नाही. चार वर्षांपूर्वी ईस्टरच्या रात्री ते स्वतःच्याच दारात कोसळले. तेव्हापासून अंधार पडल्यावर ते बाहेर पडत नाहीत, कारण बाहेर पडायचं तर कुणीतरी हात धरणार, आणि हात धरलेला त्यांना मुळीच खपत नाही. पाण्याच्या दिवशी घरी कुणीतरी थांबायला हवंच, बादली डॅरेन ओढेल, असं म्हणून त्यांनी विषय संपवला होता. डॅरेन म्हणजे केझियाचा धाकटा भाऊ. त्याला बादली ओढायची अजिबात हौस नव्हती.

मला राग आला. कुणावर ते कळेना, म्हणून मी केझियावर काढला. विचारलं, त्यांना उजेडात दिसतं ना? ती म्हणाली, भरपूर असला तर दिसतं, चर्चमध्ये झुंबराखाली ते एकटे चालतात. मग गल्लीत झुंबर न्या, असं मी रागात बोलून गेले. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उगवलं ते पाहून माझ्या अंगावर काटा आला. दोघी एकदमच बोललो. गाडीला जादा दिवे लावायचे.

दुसऱ्याच दिवशी परळला बुद्धभूषणच्या गॅरेजात गाडी नेली. हा बुद्धभूषण डेपोत अंकलच्या हाताखाली शिकलेला, वायरिंगला त्याचा हात धरणारा कुणी नाही. पण तिथेच पंचाईत होती. त्याला खरं सांगितलं तर तो संध्याकाळच्या आत अंकलना फोन करणार, आणि अंकल नको म्हणणार. म्हणून मी डोळ्याची पापणी न लववता सांगितलं की आम्ही गोव्याला निघालोय, हायवेला अंधार असतो, सूर्य उगवल्यासारखा उजेड पाहिजे.

त्याने काम मन लावून केलं. चाळीस-चाळीस वॉटचे दोन दिवे, जाड वायर, रिले, फ्यूज, हँडलला वेगळा स्विच आणि बॅटरीचे व्होल्ट दाखवणारा छोटासा मीटर. मग मला समोर उभं करून समजावलं, की गाडीत वीज इंजिन फिरल्यावर तयार होते. हायवेला इंजिन जोरात फिरतं, दिवे खाऊन वर बॅटरीही भरते. मीटर साडेतेराच्या वर असला की मजेत जा, बाराच्या खाली आला तर दिवे बंद कर. या गाडीला किक नाही, बॅटरी झोपली की गाडी झोपली. मी मान डोलावली. ज्या बोलण्यात आपल्याला हवं ते आधीच सापडलंय, ते बोलणं मी अर्धंच ऐकते. ही माझी जुनी खोड आहे.

त्या संध्याकाळी आम्ही अँटॉप हिलपर्यंत गाडी पळवली. दोन्ही दिवे चालू, मीटर चौदावर. चढणीच्या टोकाला एका सरकारी कॉलनीच्या भिंतीवर उजेड टाकला तर भिंतीवरचे मुंगळे मोजता आले. केझिया मागच्या सीटवर उड्या मारत होती. मी तिला ओरडले आणि मग स्वतःच हॉर्न वाजवत सुटले.

जानेवारीतला तो शनिवार. सात वाजले होते. वाडीत पताका, दारात बँडवाले, बायका लुगडी नेसून, केसांत फुलं माळून तयार. ज्युडिथ आंटी, केझियाची आई, कुणाला काय द्यायचं ते ओरडून सांगत होती. अंकल कोट घालून व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते, आणि आपण घर राखतोय असा चेहरा त्यांनी केला होता. मी गाडी दारासमोर आणली, तोंड गल्लीकडे वळवलं, इंजिन चालू ठेवलं. केझियाने लाल लुगड्याचा पदर सावरत मला खूण केली. मी स्विच दाबला.

गल्लीचा दिवस झाला. फरशीच्या फटी, तुळईला बांधलेली दोरी, पायरीवर सांडलेले कुरमुरे, सगळं लखलखीत. अंकल खुर्चीत पुढे झुकले. मग उठले. एक पायरी उतरले, दुसरी उतरले, तिसऱ्या पायरीवर क्षणभर थांबून बूट नीट टेकवला आणि खाली आले. कुणी हात धरला नाही. कुणाची टाप नव्हती.

"हे काय केलंत?" त्यांनी विचारलं.

"पप्पा, चल," केझिया म्हणाली. "बादली तुलाच ओढायचीय."

त्यांनी कोटाचं बटण लावलं आणि तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. ज्युडिथ आंटी ओरडायची थांबली. बँड सुरू झाला आणि मला इतका आनंद झाला की मी क्लच सोडायला विसरले.

मिरवणूक पुढे, मी मागून जराशी बाजूला, म्हणजे अंकलची सावली त्यांच्याच पायाशी पडू नये. विहीर पलीकडच्या वाडीत, चालत पाच मिनिटांवर. पण पाण्याची मिरवणूक पाच मिनिटांत जात नाही. ती दर दाराशी थांबते. कुणी सरबत देतं, कुणी नाचायला उतरतं, कुणी म्हातारी नवरीच्या कपाळावर क्रूस काढते. पहिल्या थांब्यावर माझ्या गाडीचा धूर बायकांच्या नाकात गेला, सगळ्या खोकल्या, म्हणून मी इंजिन बंद केलं. दिवे अर्थातच चालू ठेवले. निघताना पुन्हा स्टार्टर. असं सात दारांना केलं. मधे मीटर साडेबारा दिसला, मग बारा, मग त्याच्याही खाली. मी पाहिलं नाही असं नाही. पण समोर अंकल दोन्ही हात मोकळे सोडून, ट्रम्पेटच्या ठेक्यावर खांदे उडवत चालले होते, आणि ते दिवे बंद करायला माझा हात होईना. थोडंच तर राहिलंय, असं मी त्या मीटरला सांगत होते.

शेवटच्या दारापाशी स्टार्टर दाबला. कट, कट, कट. दिवे दोनदा मिटमिटले आणि निम्म्याहून खाली आले.

डोळस माणसाला पुरेल एवढा उजेड त्या गल्लीत होता. कोपऱ्यावर एक दिवा होता, खिडक्या होत्या. बाकीचे सगळे नाचतच राहिले. अंकल मात्र जागच्या जागी थांबले. त्यांचा उजवा हात कोटापासून हळूच सुटला आणि हवेत काहीतरी शोधायला लागला, भिंत, खांदा, काहीही. तो हात मी पाहिला आणि मला स्वतःच्या कानफटात मारावंसं वाटलं. चार वर्षं ज्या गोष्टीला ते घाबरत होते, ती मी त्यांना भरगल्लीत, बँड लावून करून दाखवली होती.

बँडही थांबला. केझिया त्यांचा हात धरायला धावली, पण त्यांनी तिला थांबवलं आणि आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"सुरुची, मीटर काय म्हणतोय?"

"अकरा, अंकल. अकराच्याही थोडा खाली."

"इंजिन बंद केलंस तेव्हा दिवे चालू होते?"

मी हो म्हटलं. किती वेळा, असं त्यांनी विचारलं, तेही सांगितलं. लपवण्यात आता अर्थ नव्हता. हायवेची थापही सांगून टाकली. ते ऐकून त्यांनी डोकं हलवलं. म्हणाले, बुद्धभूषणने हायवेची गाडी बरोबर बांधली, तुम्ही तिला पाण्याला घेऊन आलात. मला का नाही विचारलं? केझिया म्हणाली की तुला कळू द्यायचं नव्हतं. यावर ते हसायलाच लागले. छत्तीस वर्षं हेच काम केलं आणि माझ्याच घरात चोरून वायरिंग, असं म्हणत चांगले पोट धरून हसले. चाचपडणारा हात आता गाडीच्या दिशेने सरळ आला, हँडलला लागला, टाकीवरून मागे गेला आणि कॅरिअरच्या दांडीवर बसला. तिथे पोचल्यावर माणूसच बदलला. डेपोत हा माणूस कसा उभा राहत असेल ते मला दिसलं.

"ढकलून चालू करू. आधी ते दोन दिवे बंद कर."

"पप्पा, मग तुला काहीच—"

"बंद कर म्हटलं ना. उरलाय तेवढा करंट इंजिनाला पाहिजे."

मी स्विच बंद केला. त्यांच्यासाठी लावलेले दिवे त्यांच्याच हुकुमावरून विझले. सेकंड गिअर टाक, क्लच धर, मी सांगेन तेव्हा सोड, त्याच्या आधी नाही, असं त्यांनी बजावलं. मागे डॅरेन आला, ट्रॉम्बोनवाला आला, आणि कासोटा खोचून तीन मावश्या आल्या. मधे अंकल, दोन्ही हात दांडीवर.

गाडी हलली. मग सरकली. मग मागून बुटांचा आवाज यायला लागला, आधी चालीचा, मग पळण्याचा. सोड, अंकल ओरडले. मी सोडला. गाडीने हिसका दिला, खोकली आणि मेली. पुन्हा, ते म्हणाले. पुन्हा ढकललं. माझ्या कानात वारं शिरलं, मागे मावश्या हसत होत्या, धापा टाकत होत्या, कुणाची तरी चप्पल उडाली. सोड! दुसरा हिसका बसला आणि इंजिन असं काही गरजलं की वाडीतली कुत्री उठली. मी किंचाळले. मला लाज नाही, मी किंचाळले.

ॲक्सिलरेटर पिळत मी वळणापलीकडे, कोपऱ्यावरचा दिवा पोचत नव्हता तिथे नेऊन गाडी थांबवली, न्यूट्रल केली, इंजिन चढवून ठेवलं. समोर विहीर होती. मीटर बारा, तेरा, पावणेचौदा. तेव्हा मला जाणवलं की मागची दांडी अजून कुणीतरी धरलीय.

डॅरेन पहिल्या हिसक्यालाच सुटला होता. मावश्या लुगड्यात अडकून मागे पडल्या होत्या. दांडीला एकटे अंकल होते, कोट खांद्यावरून घसरलेला, छाती भात्यासारखी चाललेली. त्यांच्या लेखी काळ्या मिट्ट अंधारात, वळणासकट, ते गाडीच्या मागे विहिरीपर्यंत पळत आले होते.

केझिया लुगडं दोन्ही हातांनी उचलून धावत पोचली. रडत होती की हसत होती ते तिचं तिला माहीत.

"पप्पा, तू पळालास."

"गाडी ढकलत होतो," अंकल म्हणाले. मग माझ्याकडे वळून: "सुरुची, आता दिवे लाव. आणि मागे वळव. ती माणसं अंधारात धडपडतायत."

मी गाडी वळवली, दिवे लावले. मागची मिरवणूक डोळ्यांवर हात धरून, शिव्या घालत, हसत उजेडात आली. बँडवाल्यांनी ट्रॉम्बोनची वाट न पाहता सुरुवात केली. मग मी दिवे विहिरीवर आणले. अंकलनी दोरी हातात घेतली, बादली सोडली, ती पाण्याला लागल्याचा आवाज ऐकला आणि ओढायला लागले. इंजिन बंद कर, धूर होतोय, असं ज्युडिथ आंटी मला हातवारे करून सांगत होती. मी तिच्याकडे बघितलंही नाही. बादली वर येऊन केझियाच्या घड्यात रिकामी होईपर्यंत मी ॲक्सिलरेटर धरून बसले होते.