अंकलिपीवरचा कर

प्राप्तिकर खात्याची नोटीस आली आणि बळीराम सरांचं जेवणावरचं मन उडालं. बाहत्तर सालची गोष्ट. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या या भल्या माणसाने कामासाठी घेतलेल्या पुस्तकांचा खर्च उत्पन्नातून वजा करून मागितला होता. खात्याचे साहेब म्हणाले, पावत्या दाखवा. आता निम्मी पुस्तकं रद्दीवाल्याकडची, तो कसली पावती देतो! मग पुस्तकंच घेऊन या, असं ठरलं.

कराची कामं बघणाऱ्या गुलाबचंदांनी पुस्तकांची पेटी उघडली आणि कपाळाला हात लावला. जे पुस्तक उघडावं त्याच्या पहिल्या पानावर 'विहारास दान' आणि खाली सरांच्या आईची, तुळजाबाईची निशाणी.

"सर, हे काय करून ठेवलं? दान दिलं म्हणजे पुस्तक तुमचं राहिलं काय? सूट गेली समजा. पहिली पानं फाडून टाका, कोणाले पता लागते!"

सूट तर हवीच होती. जरीपटका भागाजवळच्या सरांच्या वस्तीत विहाराला अजून खोली नव्हती, म्हणून पेटी सरांच्याच ओसरीवर होती आणि सारी वस्ती तिथे वाचायला येई. पेटीला वाळवी लागली होती. कराचे पैसे वाचले तर लोखंडी कपाट येणार होतं.

सर ब्लेड घेऊन बसले. पहिल्या पुस्तकावर आईचा अंगठा. चौथ्यावर नुसता 'तु', तोही उलटा. विसाव्यावर नाव पूर्ण, पण चढण चढल्यासारखं वाकडं. जन्मभर बिड्या वळलेल्या बाईने या पानांवर अक्षर कमावलं होतं.

"काहून थांबला गा?" तुळजाबाई म्हणाली. "फाड नं. मले आता येते लिवता. पुन्हा लिवीन."

"नाही वं माय," सर म्हणाले आणि ब्लेड ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी पेटी रिक्षात घालून ते कचेरीत गेले आणि काही न लपवता सगळं सांगून टाकलं. साहेब पानं उलटत राहिले. समासांत पेन्सिलीने लिहिलेलं, कोणत्या वर्गाला काय शिकवायचं ते, तारखांसकट. मग ते पहिल्या पानांकडे वळले आणि अंगठ्यापासून सहीपर्यंत क्रमाने बघत गेले.

"पैसे तुमचे, शिकवता यातूनच, आणि पेटीही तुमच्याच घरी. दान अजून मनातच आहे," साहेब म्हणाले. "खर्च मान्य." तेवढ्यात पेटीच्या तळातून त्यांनी एक फाटकी अंकलिपी काढली. "हिचे पाऊण रुपये मात्र कापतो. कॉलेजात हे शिकवत नाहीत. हा घरचा खर्च."

"कापा साहेब, खुशाल कापा!" सर इतके हसले की कारकून मान वर करून बघू लागले.

घरी तुळजाबाई दारातच उभी होती. "गेलं काय सारं?"

"एकच गेलं. तुही अंकलिपी. बाकी सारी माह्या नोकरीची, ते तेवढं घरचं म्हणे."

तिने अंकलिपी पदराने पुसली. सगळ्या पुस्तकांत तेवढ्या एकावर ना अंगठा होता, ना नाव. तिने पेन्सिल मागितली, ओसरीवर मांडी घातली आणि सावकाश पूर्ण नाव लिहिलं.

"याच्यावर दान नाही लिवत," ती म्हणाली. "हे माहं हाय."